रुक्माबाईच्या अंगातलं

शनिवारी दुपारी केयूर हॉस्पिटलमधून निघाला तो मलमल आणायला. खडेबाजारात एका म्हाताऱ्याच्या दुकानात फार मऊ मलमल मिळायची, आणि आईच्या डाव्या हातावर त्याखेरीज दुसरं काही टेकवता येत नव्हतं. गाडी लावून तो दुकानाची पायरी चढतोय तोच फोन वाजला.

"डाक्टर, मंगल हाय मी. रुक्माबाईची लेक, निपाणीकडची. आई गेली वो सकाळी."

"अरेरे. कशानं?"

"झोपंतच." कागद उलगडल्याचा आवाज आला. "तुमच्या कागदावर लिवलंय, जाळायच्या आदी छातीतली डबी काढायची, न्हायतर सरणावर फुटती म्हनून. मानसं खोळंबल्यात. कोन काढनार?"

ती डबी केयूरनंच घातली होती, तेव्हा काढणंही त्याच्याच वाट्याला आलं. तो दुखण्याचा डॉक्टर. म्हणजे हाड जुळलं, जखम भरली, तपासण्या सगळ्या ठीक आल्या, तरी ज्यांचं दुखणं अंगात ठाण मांडून बसतं, अशांसाठीचा. रुक्माबाईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या होत्या. मानेपासून डाव्या हाताच्या बोटांपर्यंत तिला अशी कळ जायची की ती भिंतीवर डोकं आपटून घ्यायची. एका कंपनीच्या योजनेत पाच रुग्णांना फुकट यंत्र बसवायचं होतं, त्यात केयूरनं तिचं नाव घातलं. दंडात, नसेच्या अगदी कडेला, शेवयीएवढी बारीक तार. ती कातडीखालून वर नेऊन गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढ्या डबीला जोडलेली. डबी नसेला सारखे बारीक ठोके देत राहते आणि मेंदूला कळेऐवजी नुसत्या मुंग्या कळतात. आठवड्यातून एकदा छातीवर चकती धरून ती अर्धा तास चार्ज करायची, की झालं. दहा महिने म्हातारी सुखात होती. तपासणीला येताना केयूरसाठी काकवीची बाटली आणायची.

मलमल राहिलीच. केयूरनं हॉस्पिटलमधून आपली पेटी घेतली, हायवेला लागला, आणि तवंदीचा घाट उतरून वेदगंगेकाठच्या त्या गावात पोचला तेव्हा चार वाजत आले होते. दारात ताटी बांधून तयार होती.

मंगलनं बायकांना बाहेर घालवून सोप्याचं दार ओढून घेतलं. आत तंबाखूचा वास कोंडला होता. भिंतीशी सूप, सुपात जर्दा, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पानं. आदल्या संध्याकाळपर्यंत म्हातारी कामाला बसली असणार. डॉक्टर माणसाला किळस येत नाही असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? जिवंत माणसाचं रक्त निराळं. इथं चिरलं तरी रक्त वाहिलं नाही, नुसतं काळपट, घट्ट काहीतरी कडेला जमलं. डबी सुटली. मग तार. ती ओढताना मळलेल्या कणकेतून बोट काढावं तसा चिकट आवाज येत राहिला आणि तारेला धरून चरबीचे पिवळे कण बाहेर आले, रवाळ तुपासारखे.  केयूरनं तोंडानं श्वास घेत कसंबसं काम उरकलं.

तारेचं टोक बाहेर आलं तेव्हा त्याची नजर म्हातारीच्या डाव्या हातावर गेली. पान धरल्यासारखी आखडून बसलेली बोटं हळूहळू सैल होत होती. एकेक करून ती उघडली, आणि अंगठ्याचं लांब, तपकिरी पडलेलं नख फरशीवर टेकलं. मेलेल्याचे स्नायू असे सुटू शकतात, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. तरी त्यानं चादर ओढून तो हात झाकला.

"ते आमाला द्या," मंगल म्हणाली. ती इतका वेळ तिथंच उभी होती.

"हे? हे काय करणार तुम्ही?"

"परवा रक्षाविसर्जन हाय. राखंसंगट नदीत सोडायचं. दहा म्हयने आईच्या अंगात हुतं ते, डाक्टर. अंगातलं अंगासंगं गेलं पायजे. अर्दं मानूस पाठवून चालतंय व्हय?"

केयूर म्हणाला, नियमानं हे आधी हॉस्पिटलात तपासावं लागतं, साफ करावं लागतं; परवा सकाळी माणसाबरोबर पाठवून देतो. त्यानं हे म्हटलं तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. पाप परतीच्या वाटेवर, संकेश्वरच्या पुढं कुठंतरी आलं.

टिळकवाडीतल्या घरी शिरलं की आताशा आधी वास यायचा. केयूरची आई विद्युल्लता, पस्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेली बाई. घरी आलेल्या मुलांनी काढलेल्या चपलाही रांगेत लावायला लावणारी, आंघोळीआधी चहा न घेणारी. तीन वर्षांपूर्वी शाळेच्याच पायरीवर पडून डावं मनगट मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं. दुखणं मात्र राहिलं आणि वाढलं. हात सुजून जांभळट, तकतकीत झाला. त्याला पंख्याचा वारा सोसेना. पाणी लावलं की ती किंचाळे, म्हणून तो धुता येईना. नखं काढता येईनात. कातडीचे पापुद्रे सुटत आणि गादीवर पडत. त्या हाताला आंबलेला, ओलसर वास यायचा आणि आई त्या वासापायी कोणाला खोलीत येऊ देत नसे. सगळी औषधं झाली, इंजेक्शनं झाली. यंत्राच्या योजनेत सत्तरच्या वरचं माणूस बसत नव्हतं, आणि पुढं ती योजनाच बंद झाली. नवीन यंत्र परदेशातून यायला पाच महिने, आणि आईला पाच दिवस निघत नव्हते. गेल्याच आठवड्यात ती शांतपणे म्हणाली होती, "केयूर, हा तोडून टाक रे. तू नाही तोडलास तर विळी माझ्या हाताशी आहे."

त्या शनिवारी संध्याकाळी केयूर हॉस्पिटलातल्या बेसिनपाशी एकटा उभा राहिला आणि मऊ ब्रशनं रुक्माबाईची तार घासू लागला. तुपाचे कण पाण्याबरोबर गेले. एक कण मात्र टोकाशी असा काही बसला होता की नखानं काढावा लागला. तो त्याच्या नखात अडकला, आणि रात्रीच्या भातालाही त्याला तोच वास आला.

मशीनमध्ये घालून सगळं निर्जंतुक केलं. सोमवारी सकाळी ड्रायव्हरबरोबर मंगलकडे एक डबी पाठवली. ती त्याच्या टेबलावरची, रुग्णांना दाखवायच्या नमुन्याची होती. रंगरूप तेच. आणि बुधवारी त्यानं खरी डबी आपल्या आईच्या गळ्याच्या हाडाखाली घातली. सिस्टरांना सांगितलं, योजनेतला शेवटचा नग शिल्लक होता.

डबीत रुक्माबाईची मांडणी तशीच होती: ठोके किती, किती जोराचे, किती अंतरानं. नवीन माणसासाठी ती पुसून पहिल्यापासून जुळवायची असते. केयूरनं नुसता अंदाज घ्यायला म्हणून आधी आहे तीच चालू केली.

आईनं डोळे मोठे केले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "थांबलं."

"मुंग्या येताहेत?"

"थांबलं रे, केयूर. थांबलं." आणि ती लहान मुलीसारखी हमसून रडली. तोही रडला.

जे चालतंय त्याला हात लावू नये, ही आपल्याकडची सर्वमान्य रीत. गिरणीत काय आणि दवाखान्यात काय. केयूरनं रुक्माबाईची मांडणी तशीच ठेवली.

पुढचे पाच दिवस घरात सण होता. आईनं तीन वर्षांनी तो हात नळाखाली धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. वेणी स्वतः घातली. पंखा लावून जेवली. नखं मात्र काढू देईना. "राहू दे ती, लागतात," म्हणाली. कशाला लागतात ते केयूरनं विचारलं नाही, आणि तिलाही ते सांगता आलं नसतं.

सहाव्या दिवशी जेवताना तिनं आमटीतलं कढीपत्त्याचं पान ताटाच्या कडेला ठेवलं. बोलता बोलता डाव्या हाताची बोटं त्या पानावर गेली. पान पालथं झालं, गुंडाळलं गेलं, नखानं टोक आत दाबलं गेलं. निमिषात झालं सगळं. आई शेजारच्या ऋचाच्या लग्नाविषयी बोलत होती, तिचं लक्षही नव्हतं. ताटाच्या कडेला एक इवलीशी हिरवी विडी पडली होती.

केयूरनं स्वतःला समजावलं. नसेला ठोके बसतात, बोटांचे स्नायू हलतात, पुस्तकात आहे. त्यानं यंत्राच्या रिमोटवर ठोक्यांचा जोर थोडा कमी केला. त्याच क्षणी आईच्या हातातला पेला गळून पडला आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून त्यानं घाईनं होतं तसं केलं. पुन्हा त्यानं त्या बटणाला हात लावला नाही.

मग वास बदलला. आंबलेला वास गेला होता, त्याजागी ओल्या गोणपाटाचा आणि जर्द्याचा वास खोलीत यायला लागला. आईला खोकला झाला. आयुष्यात कधी रस्त्यावर न थुंकलेली बाई खाकरून बेसिनमध्ये थुंकायची, आणि ती थुंकी तपकिरी असायची, तंबाखूच्या भुकटीसारखे कण असलेली. "मसाल्याचं काहीतरी..." ती म्हणायची आणि पदरानं तोंड पुसायची. पदरावर डाग राहायचा. तो पदर धुवायला टाकताना केयूर दोन बोटांनी धरायचा आणि स्वतःची लाज वाटून मग पूर्ण हातानं धरायचा.

एका दुपारी आई आंघोळीला गेली असताना त्यानं चादर बदलायला गादी उचलली. खाली विड्या होत्या. पंचवीस पंचवीसचे गठ्ठे नीट रचून ठेवलेले. वरचे गठ्ठे वर्तमानपत्राचे, मधले तुळशीच्या आणि लिंबाच्या पानांचे. सगळ्यात खालचा गठ्ठा त्यानं उचलला आणि त्याला कळेना हे कसलं पान. पातळ, फिकट, जरा पारदर्शक, बोटाला किंचित चिकटणारं. बारीक रेषा होत्या त्यावर. दोऱ्याऐवजी प्रत्येक विडीला पांढरा केस गुंडाळून गाठ मारली होती, आणि आत भरलेला होता गादीवरचा भुगा. त्या रेषा तळहाताच्या होत्या. आई आपल्याच हाताचे पापुद्रे सोलून त्यांच्या विड्या वळत होती.

केयूर न्हाणीपर्यंतही पोचला नाही, खिडकीतूनच ओकला. चूळ भरून आला आणि सगळे गठ्ठे पिशवीत भरले. एक विडी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बघावी म्हणून प्लॅस्टिकच्या पुडीत घालून खिशात ठेवली. अजूनही त्याला वाटत होतं की दुसरं काहीतरी निघेल.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत दुपारी दोनला, सगळे रुग्ण गेल्यावर, मंगल आत आली. बसली नाही. पिशवीतून तिनं फडक्यात बांधलेली डबी काढून टेबलावर ठेवली.

"तीन डाव सोडली, डाक्टर. बुडंना. तरंगत काठाला येऊन बसायची. शेवटाला हातात घेऊन हलवून बगितली तर आत मोकळी." तिनं डबीवर टिचकी मारली. पोकळ प्लॅस्टिक वाजलं. "माज्या आईचं कुटं हाय?"

"मंगलताई, त्याचं काय झालं... हॉस्पिटलच्या नियमानं..."

"नियम ऱ्हाऊ द्या. माजी आई पाण्यात गेली तवा तिच्यासंगं काय गेलं न्हाय, एवडं मला कळतंय. दोन आटवडं झालं. सुपाजवळ कोन बसत न्हाय तरी मला नखानं पान मोडल्याचा आवाज येतोय."

केयूरला घाम फुटला. रुमाल काढायला त्यानं खिशात हात घातला आणि पुडी बाहेर येऊन टेबलावर पडली. ती झाकायला तो वाकला, पण मंगलनं आधीच उचलली होती. विडी वळणाऱ्या बाईच्या हाताला विडी लागली की तो हात तिला उलटीपालटी करून बघणारच. तिनं पुडी उघडली, विडी दोन बोटांत धरली, उजेडाकडं केली. तोंडाजवळचं टोक डावीकडून दोनदा मोडून आत खोचलेलं होतं.

"ही मोड आईची हाय," ती हळूच म्हणाली. "सगळ्या गावात अशी मोड दुसरं कोन घालत न्हाय. कारखानदार बोलायचा तिला, दोन मोडींनी येळ जातोय म्हनून... हे कुनी वळलं?"

केयूरनं विडी परत घ्यायला हात पुढं केला.

मंगलनं विडी नाकाशी नेली. मग अंगठ्यानं पान चाचपलं, आणि चाचपता चाचपता तिचा चेहरा बदलत गेला. "हे पान न्हवं," ती म्हणाली. "डाक्टर... हे पान न्हवं." विडी तिच्या हातून पडली आणि ती साडीला बोटं पुसत राहिली, पुसतच राहिली.

तेव्हा केयूरनं सगळं सांगितलं. आईचा हात, विळी, बेसिन, सगळं. मंगल ओरडली नाही, हात उगारला नाही. उगारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती दाराला टेकून उभी होती.

"चाळीस वरसं," ती म्हणाली. "बाळंतपनाच्या कळा येत असताना वळल्या तिनं. बाप मेला त्या दिशी रातच्याला वळल्या. मेल्यावर तरी हात थांबला आसंल आसं वाटलं हुतं वो मला. आनि तुमी तिला अजून कामाला लावलंय?" तिनं हात जोडले. "सोडा तिला. तुमच्या पाया पडतो मी, सोडा."

"रविवारी काढतो," केयूर म्हणाला. "स्वतः घेऊन येतो. शपथ."

"माजी न्हाय, तुमच्या आईची घ्या," मंगल म्हणाली. त्यानं घेतली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो आईच्या खोलीत गेला. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. उजव्या हातात पुस्तक, आणि डावा हात मांडीवर आपलं आपलं काहीतरी करत होता. केयूरनं खुर्ची ओढली. 

"यंत्र काढायचंय, आई. थोडा बिघाड आहे त्यात."

"बिघाड नाही," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "नवीन नाही ते, एवढंच. हो ना?"

"तुला कोणी..."

"हात माझा आहे, केयूर. त्यात दुसरं कोणी येऊन बसलं तर मला कळणार नाही? आधी वाटलं मलाच वेड लागलं. पण बाई आहे ती. बोलत नाही, त्रास देत नाही. नुसतं काम करते. तिला कोणी पुरे म्हटलेलंच नाही."

"तिच्या मुलीनं म्हटलंय. पाया पडली माझ्या."

 आईनं पुस्तक मिटलं. "मग ती मुलगी माझ्या जागी येऊन बसेल? तीन वर्षं? एक दिवस?" तिचा आवाज शांत होता, वर्गात प्रश्न विचारायची तसाच. "माझी कातडी सोलते, मला ठाऊक आहे. किळस येते मला. सकाळी तोंडात तंबाखूची चव असते, तेव्हा जीव द्यावासा वाटतो. पण दुखत नाही रे. तुला कळतंय का, दुखत नाही म्हणजे काय ते? काढू नकोस."

हीच बाई दुसऱ्याच्या दारातलं फूल न विचारता तोडू द्यायची नाही. केयूरला तिची किळस आली, आणि ती आली म्हणून स्वतःची दुप्पट आली. त्यानं खिशातून रिमोट काढला आणि यंत्र बंद केलं.

दहा सेकंद झाले असतील. हात त्याच्या डोळ्यांदेखत जांभळा होत गेला. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी त्यातून तो आवाज आला. गाडीखाली सापडलेल्या कुत्र्याचा असतो तसा. डोळे वर गेले. ती पलंगाच्या कडेवर डोकं आपटणार तेवढ्यात केयूरनं बटण दाबलं.

सगळं शांत झालं. आई घामानं निथळत होती. "नको रे," एवढंच म्हणाली, आणि त्याचा हात धरून झोपी गेली.

केयूर बसून राहिला. भिंतीवरचं घड्याळ तीनला आलं होतं, रस्त्यावरून रद्दीवाला ओरडत गेला. आता त्यानं पेटी आणायला हवी होती. हॉस्पिटलात फोन करून सिस्टरांना बोलवायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं काय केलं, तर कपाटातून चार्जिंगची चकती काढली, कारण आठवडा भरला होता. चकती त्यानं आईच्या गळ्याच्या हाडाखाली धरली. अर्धा तास धरायची म्हणून दुसरा हात तिच्या पोटावर आडवा टेकवला. टेबलावरचा फोन थरथरला. मंगल. तो थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

आईच्या डाव्या हातानं मांडीवरचं काम थांबवलं. बोटं चादरीवरून सरकत आली आणि केयूरच्या मनगटावर चढली. मनगटापासून कोपराकडं एकदा, कोपरापासून मनगटाकडं एकदा, अशी ती फिरली. मग त्यांनी त्याचा हात उताणा केला आणि आतली, मऊ बाजू वर घेतली. शिरा कुठून जातात ते अंगठा चाचपत राहिला. पान कोवळं आहे का जून, असंच बघतात.

आई मंद घोरत होती. तीन वर्षांत ती दुपारची अशी झोपली नव्हती.

अंगठा वर गेला, तिच्या अर्धवट उघड्या तोंडात शिरला, थुंकीनं ओला होऊन परत आला. ती कोमट, तपकिरी थुंकी त्याच्या कातडीवर फिरली आणि तंबाखूचा वास त्याच्या नाकात भिनला.  हात ओढून घ्यायला एक झटका पुरेसा होता. पण झटक्यानं आई जागी झाली असती, चकती हलली असती. त्यानं तोंडानं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि हात तसाच राहू दिला.

नख टेकलं. त्यानं एक रेघ ओढली, सरळ. मग दुसरी, तिच्या शेजारून. मग आडव्या दोन. सावकाश, कुठंही न चुकता, सवयीच्या मापानं. रक्ताचा एक थेंबही आला नाही. चौकोन पुरा झाला तेव्हा कुठं केयूरच्या ध्यानात आलं की हे दुखायला हवं होतं.

त्यानं चकती कोपरानं दाबून धरली, आईच्या पदराला लावलेली टाचणी काढली आणि रेघेच्या बाहेर टोचून बघितली. कळ डोक्यापर्यंत गेली. मग आत टोचली. टाचणी अर्धी आत गेली तरी त्याला काहीच कळलं नाही. मुंग्यासुद्धा नव्हत्या. इतकं शांत त्याच्या अंगात कधी काही नव्हतं.

चौकोनाचा वरचा कोपरा वाळल्यासारखा होऊन किंचित सुटला होता, आणि नख त्याच्याखाली शिरत होतं.